चालत्या गाडीत किल्लीचा दिवा लुकलुकतो : मॉड्यूल बदलायचं का?

दुसरा_गिअर:
नमस्कार मंडळी. गाडीविषयी सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

बटण दाबून सुरू होणारी मॅन्युअल हॅचबॅक आहे, सहावं वर्ष चालू. दिवाळीच्या आगेमागे डॅशबोर्डवर पिवळी किल्ली लुकलुकायला लागली. सोबत टुकटुक आवाज आणि 'किल्ली गाडीत नाही' असा संदेश. किल्ली तर गिअरपुढच्या खणात, डोळ्यांसमोर! गाडी बंद पडत नाही, चालत राहते, थोड्या वेळाने दिवा आपोआप जातो. होतं ते बहुतेक सकाळी, कोथरूडहून चाकणला जाताना. संध्याकाळी परतताना जवळपास नाहीच.

याशिवाय कधी कधी सकाळी सुरू करतानाच बटण दाद देत नाही. किल्ली बटणाला टेकवली की लगेच सुरू होते.

किल्लीतला सेल बदलला, फरक नाही. वर्कशॉपमध्ये दाखवली तर स्मार्ट की मॉड्यूल (किल्ली ओळखणारा गाडीतला इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं म्हणाले. २२ हजार आणि मजुरी वेगळी, पार्ट मागवायला आगाऊ रक्कम. स्कॅनरवर बिघाडाचा कोड काय आला विचारलं, तर 'आत्ता काही दिसत नाही, पण या मॉडेलमध्ये मॉड्यूलच जातं' असं उत्तर मिळालं. कोड नसताना एवढा महाग पार्ट बदलणं मनाला पटत नाही. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया सांगा : मॉड्यूलला हात लावण्याआधी काय काय तपासून घेऊ?

खड्डेवाला:
सेल कुठला टाकलात? सीआर २०३२ च्या जागी २०२५ बसतो, पण नीट टेकत नाही. आकड्यांतच माप आहे : २० म्हणजे व्यास २० मिमी, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिमी, २५ म्हणजे २.५. दुकानदार 'चालतंय की' म्हणून देतात. जुन्या सेलवरचा आकडा बघून तोच घ्यायचा.

चहाबाज:
तुमच्या गाडीला किल्ली सापडत नाही, मला मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी सापडत नाही. दोघांचं जमेल. :)

बाकी धागा वाचतोय, माझीही गाडी बटणवालीच.

घाटरस्ता:
तुम्ही सिंहगडावर कधी गेलात का? वर दूरदर्शनचा मनोरा आहे. तिथल्या पार्किंगला आमच्या गाडीचं दार रिमोटने उघडेना. आमच्या शेजारच्या गाडीचंही तेच. किल्लीच्या पोटातली पात काढून दार उघडलं, किल्ली बटणाला टेकवून गाडी सुरू केली आणि पायथ्याला येईपर्यंत सगळं पूर्ववत. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच असतं : टीव्ही मनोरे, रेडिओ केंद्रं, वीजकेंद्रं, विमानतळ यांच्या आसपास किल्ली दाद देईलच असं नाही. चाकणच्या वाटेवर असं काही लागतं का बघा.

दुसरा_गिअर:
@खड्डेवाला, २०३२ च होता, २०३२ च टाकला. चांगल्या कंपनीचा, सीलबंद.
@घाटरस्ता, वाटेत तसं काही जाणवलं नाही. आणि त्याच रस्त्याने संध्याकाळी येतो, तेव्हा होत नाही.

पश्चिमरंग:
दिव्याचा रंग आणि लुकलुकणं की स्थिर, याला महत्त्व आहे. साधारणपणे लुकलुकतो तो 'किल्ली दिसत नाही' म्हणून आणि स्थिर पेटून राहतो तो 'यंत्रणेतच बिघाड' म्हणून. पण हे कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे पुस्तिकेतलं पान काढून वाचा. बरेच जण बंद गाडीत टिमटिमणारा लाल दिवा बघूनही घाबरतात. तो चोरीविरोधी यंत्रणा जागी असल्याची खूण, त्यात काळजीचं काही नाही.

ऑकलंडकर:
इकडे न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्या रस्तोरस्ती दिसतात. माझी मझदाही तशीच. पडद्यावरचे सगळे संदेश जपानीत! गाडी बंद केली की हिरवी 'की' अर्धा मिनिट लुकलुकायची. फोनच्या कॅमेऱ्याने पुस्तिकेचं भाषांतर करून वाचलं तेव्हा कळलं, हिरवी म्हणजे किल्लीतला सेल उतरत आलाय. लाल पेटली असती तर गोष्ट वेगळी होती. सेल बदलला आणि मिटलं. म्हणून पश्चिमरंग यांच्याशी सहमत, आधी पुस्तिका.

स्पॅनर१०_१२:
कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या, मग कुठं बघायचं ते आपोआप कळतं. दारात, केबिनमध्ये आणि डिकीजवळ गाडीचे छोटे अँटेना असतात. तुम्ही हँडलचं बटण दाबलं किंवा स्टार्टचं बटण दाबलं की ते अँटेना अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीवर, १२५ किंवा १३४ किलोहर्ट्झवर, हाक मारतात. ही हाक फार तर मीटर-दीड मीटर जाते, म्हणूनच गाडीला कळतं की किल्ली आत आहे की बाहेर. हाक ऐकून किल्ली जागी होते आणि वरच्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर देते. आपल्याकडे ती बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झ, जपान-अमेरिकेत ३१५ च्या आसपास. हे उत्तर द्यायला किल्लीला सेल लागतो.

आता तिसरी गोष्ट. किल्लीत इमोबिलायझरची, म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, एक चिप असते, तिला सेल लागत नाही. किल्ली बटणाला टेकवली की बटणाभोवतीच्या कॉइलमधून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते. सेल पूर्ण मेला तरी गाडी सुरू होते ती यामुळे. टोयोटात किल्लीची चिन्हाची बाजू बटणाला टेकवतात, ह्युंदाई-कियाच्या बऱ्याच गाड्यांत किल्लीनेच बटण दाबतात.

तुमची किल्ली टेकवल्यावर गाडी सुरू होते. म्हणजे इमोबिलायझर ठीक, चिप ठीक. बिघाड हाक आणि उत्तर यांच्यामध्येच कुठेतरी आहे. त्याला जागा तीनच : किल्ली, गाडी, किंवा दोघांच्या मध्ये कालवा करणारं तिसरंच काहीतरी. यातलं कुठलं ते ठरल्याशिवाय मॉड्यूलचे पैसे भरू नका.

पहिला प्रश्न : दुसरी किल्ली घेऊन गेलात तर काय होतं? वर्कशॉपने हे बघितलं का?

दुसरा_गिअर:
नाही बघितलं. दुसरी किल्ली घरीच असते. उद्यापासून तीच नेतो.

सुई_दोरा:
बायांनो आणि बाप्यांनो, एक विषयाला सोडून पण अत्यंत गरजेचं सांगते. किल्लीतून काढलेला जुना सेल टेबलावर ठेवू नका. नाशिकला माझ्या नणंदेच्या मुलाने असाच गिळला होता. वेळेत दवाखान्यात नेला म्हणून वाचला. हा सेल घशात अडकला तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहते आणि दोन तासांतसुद्धा अन्ननलिका गंभीर भाजू शकते. उतरलेल्या सेलनेही हे होतं. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करायला लावू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवून ई-कचऱ्यात द्या.

ऑकलंडकर:
सुई_दोरा ताई, लाख मोलाचं सांगितलंत. इकडे यासाठीच हे सेल मुलांना न उघडणाऱ्या वेष्टनात येतात.

खड्डेवाला:
सहमत. आणि यावरून एक आठवलं. मुलांनी थुंकून टाकावं म्हणून काही कंपन्या या सेलवर कडू आवरण लावतात. चांगलीच गोष्ट आहे, पण काही उपकरणांत त्या आवरणामुळे स्प्रिंगशी संपर्क नीट होत नाही. अ‍ॅपलने एअरटॅगच्या सूचनांमध्येच लिहिलंय की कडू आवरणाचे सीआर २०३२ काम करतील याची खात्री नाही. धागाकर्ते, तुमच्या सेलच्या पाकिटावर तसं काही छापलंय का?

दुसरा_गिअर:
पाकीट टाकून दिलं. पण त्यावर लहान मुलाचं चित्र होतं एवढं नक्की आठवतंय. बघतो.

उंदीरमामा:
आमच्या सोसायटीत सगळ्यात मोठा इलेक्ट्रिशियन म्हणजे उंदीर. :) माझ्या गाडीचा हाच दिवा स्थिर पेटून राहिला होता. डाव्या पुढच्या चाकाच्या बाजूची वायर कुरतडलेली निघाली. पावसाळ्याच्या तोंडाला बॉनेट उघडून बघत जा, लेंड्या दिसल्या तर लगेच शोध घ्या. नंतर इंजिनाखालच्या बाजूला जाळी बसवून घेतली, आता बरं आहे.

पश्चिमरंग:
उंदराने वायर तोडली तर दिवा सकाळ-संध्याकाळ बघून पेटणार नाही ना. धागाकर्त्यांच्या वर्णनात सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे. तोच रस्ता, तीच गाडी, तीच किल्ली. सकाळी होतं, संध्याकाळी नाही. दुसरा_गिअर, सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रवासात वेगळं काय असतं ते आठवून लिहा. अगदी फुटकळ वाटलं तरी लिहा.

शंभर_नंबरी:
थंडी! डिसेंबरातली पुण्याची सकाळ. गारठ्यात हे गोल सेल मंद होतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

स्पॅनर१०_१२:
थंडीने सेलचा आतला रोध वाढतो हे खरं. अर्धा उतरलेला सेल अशा वेळी दगा देतो. पण नवा सेल पुण्याच्या थंडीत एवढा ढेपाळणार नाही. आणि सेल मल्टीमीटरवर बघून खात्री होत नाही. नुसता मोजला तर ३ व्होल्ट दाखवतो आणि किल्लीने उत्तर देताना वीज ओढली की खाली बसतो.

गाडीची मोठी बॅटरी पण बघा. रात्रभर उभी असताना १२.४ च्या वर हवी, इंजिन चालू असताना साधारण १४. मोठी बॅटरी खचली की या यंत्रणा वाट्टेल ते दिवे लावतात, आणि वर्कशॉपवाले एकेक मॉड्यूल बदलत बसतात.

दुसरा_गिअर:
@पश्चिमरंग, आठवून लिहितो.

सकाळी नाशिक फाट्याला ऑफिसमधला एक सहकारी गाडीत बसतो. संध्याकाळी तो कंपनीच्या बसने जातो, मी एकटा येतो. सकाळी वाहतूक बघायला फोनवर नकाशा लावतो, संध्याकाळी लागत नाही. सकाळी फोन चार्जिंगला असतो, संध्याकाळी नसतो, कारण ऑफिसात पूर्ण भरलेला असतो. बाकी काही नाही.

@स्पॅनर, बॅटरी मोजली. रात्रभर उभी राहून १२.५. चालू असताना १४.१.

स्पॅनर१०_१२:
बॅटरी ठणठणीत आहे. तो विषय संपला.

सहकारी बसतो हे महत्त्वाचं! बहुतेक गाड्या चालू असताना सतत किल्ली शोधत बसत नाहीत. दार उघडून बंद झालं की शोधतात, कारण कोणी किल्ली घेऊन उतरलं का हे त्यांना बघायचं असतं. तुमचा दिवा नाशिक फाट्याच्या आधी लागतो की नंतर?

दुसरा_गिअर:
नंतर!! आता तुम्ही म्हणताय तर लख्ख आठवतंय. तो बसला, दार लावलं की थोड्याच वेळात टुकटुक. त्याआधी कधीच नाही.

शंभर_नंबरी:
मग डाव्या दाराचा स्विच खराब. दार बंद झालेलं गाडीला कळत नाही. २०० रुपयांत काम.

पश्चिमरंग:
घाई करू नका. दाराचा स्विच खराब असता तर 'दार उघडं' हा दिवा लागला असता, केबिनमधला दिवा लागून राहिला असता. इथे संदेश किल्ली नसल्याचा आहे. दारामुळे गाडी शोध घेते इथपर्यंत ठीक. पण शोध घेतल्यावर समोरची किल्ली का सापडत नाही? मला फोन आणि चार्जर खटकतोय. कसला चार्जर आहे?

दुसरा_गिअर:
फोन नुसता ठेवला की चार्ज होतो तो पॅड. दिवाळीच्या ऑफरमध्ये ऑनलाइन घेतला. गिअरपुढच्या खणात बसवलाय, वायर १२ व्होल्टच्या सॉकेटला. किल्लीही तिथेच असते, पॅडच्या कडेला.

ऑकलंडकर:
दिवाळीत पॅड, दिवाळीत दिवा!

स्पॅनर१०_१२:
सापडला म्हणायला हरकत नाही, पण खात्री करून घेऊ.

वायरलेस चार्जिंगचा जो 'ची' नावाचा सर्वमान्य प्रकार आहे तो ११० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. गाडीची हाक १२५ किंवा १३४ वर. दोन्ही एकाच गल्लीत! गाडीची हाक नाजूक असते, पॅडचं चुंबकीय क्षेत्र त्या मानाने दणदणीत. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कोणी हळूच नाव घेतलं तर ऐकू येईल का? किल्लीचं तसंच होतं. ज्या गाड्यांत कंपनीनेच असा पॅड दिलेला असतो तिथे दोघांचा मेळ घातलेला असतो, किल्ली शोधताना चार्जिंग क्षणभर थांबतं. तरीही पुस्तिकेत किल्ली पॅडपासून दूर ठेवा असं सांगितलेलं असतं. बाहेरून आणलेल्या पॅडला गाडी कधी किल्ली शोधतेय हे कळायचा मार्गच नाही.

खात्री अशी करा. मोकळ्या जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा. पॅडची वायर काढून किल्ली नेहमीच्या जागी ठेवा आणि डावं दार उघडून लावा. दिवा लागता कामा नये. मग वायर लावून फोन पॅडवर ठेवा आणि परत दार उघडून लावा. दिवा लागला, तर किल्ली खिशात घालून तिसऱ्यांदा बघा. हेच सगळं दुसऱ्या किल्लीने करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

चहाबाज:
हे वाचून माझ्या गाडीतला पॅड आत्ताच जाऊन बघून आलो. किल्ली शेजारीच होती. खिशात घातली.

कॅफे_मडगाव:
आमच्या गोव्यात वेगळीच तऱ्हा. पर्यटक भाड्याची गाडी घेतात, किल्ली चड्डीच्या खिशात आणि तसेच समुद्रात. मग फोन येतो, 'किल्लीचा दिवा लागलाय, गाडी सुरू होत नाही.' माझा भाडोत्री गाड्यांचा धंदा आहे, त्यामुळे हे काम पाठ झालंय. खारं पाणी गेलं तर सेल ताबडतोब काढायचा, कारण वीज असताना खारं पाणी सर्किट झपाट्याने खातं. मग किल्ली उघडून गोड्या पाण्याने सर्किट हळूच धुवायचं, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण सुकेपर्यंत सेल घालायचा नाही. उन्हात डॅशबोर्डवर सुकत ठेवू नका. काही वाचतात, काही नाही. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला किल्लीसोबत पाण्याची पिशवी देतो.

घाटरस्ता:
अवांतर : या बिनहाताच्या किल्ल्या आल्या कधी? आमच्या वडिलांच्या गाडीला तर दार एका किल्लीने, इंजिन दुसऱ्या किल्लीने.

पश्चिमरंग:
बटण दाबून दुरून कुलूप उघडायची सोय १९८२ मध्ये रेनॉच्या फ्युएगो गाडीत आली. तेव्हा ती इन्फ्रारेडवर चालायची. खिशातली किल्ली न काढता गाडी सुरू करायची गोष्ट लोकांना माहीत झाली ती मर्सिडीजच्या १९९८ च्या एस-क्लासमुळे, कीलेस-गो या नावाने. आपल्याकडे तीच सोय आता हॅचबॅकमध्येही मिळते.

शंभर_नंबरी:
आणि चोरांची पण सोय झाली. एक चोर घराच्या दाराशी, दुसरा गाडीपाशी, दोघांकडे एकेक यंत्र. गाडीची हाक घरातल्या किल्लीपर्यंत पोचवायची, गाडीला वाटतं मालक जवळच आहे. जर्मनीची एडीएसी ही वाहनचालकांची संघटना २०१६ पासून गाड्यांवर हीच चाचणी घेतेय आणि ढीगभर गाड्या अशा उघडल्यात.

ऑकलंडकर:
यावर धातूच्या अस्तराची पिशवी मिळते. विकत घेतल्यावर किल्ली आत घालून गाडीपाशी जा आणि हँडलचं बटण दाबून बघा. दार उघडलं तर पिशवी कुचकामी. पत्र्याच्या डब्याचीही अशीच परीक्षा घ्या. काही नव्या किल्ल्या स्थिर ठेवल्या की झोपी जातात, त्याही बऱ्या. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत किल्लीचं लॉक बटण धरून अनलॉक दोनदा दाबलं की किल्लीतला दिवा चारदा लुकलुकतो आणि किल्ली झोपते. सेलही वाचतो.

सुई_दोरा:
सेलवरून विचारते. आमच्या किल्लीचा सेल फार लवकर उतरतो. किल्ली स्वयंपाकघरात, इंडक्शनच्या बाजूच्या खुंटीला असते. संबंध असेल का?

स्पॅनर१०_१२:
ताई, असू शकतो. टीव्ही, संगणक, चार्जर, इंडक्शन शेगडी यांच्या मीटरभराच्या आत किल्ली ठेवू नका असं टोयोटाच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलंय. त्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे किल्ली सारखी जागी होते. गाडी भिंतीपलीकडेच उभी असेल आणि खुंटी त्याच भिंतीला असेल तरी तेच, किल्ली आणि गाडी रात्रभर बोलत राहतात. खुंटी हलवा.

दुसरा_गिअर:
मंडळी, रविवारी सगळं करून बघितलं.

पॅडची वायर काढून : कितीही वेळा दार उघडलं तरी दिवा नाही. पॅड चालू, फोन वर, किल्ली कडेला : दार लावल्यावर दिवा आणि टुकटुक, दर वेळी. किल्ली खिशात : दिवा नाही. दुसऱ्या किल्लीनेही अगदी हेच. सकाळी आणखी एक बघितलं : फोन पॅडवरून उचलला तर दिवा लागत नाही. म्हणजे पॅड चार्ज करत असतानाच गडबड करतो.

मॉड्यूलची गरज नाही, हे आता छातीठोकपणे सांगता येतंय. स्पॅनर आणि पश्चिमरंग, तुमचे मनापासून आभार. पार्ट मागवू नका म्हणून आजच कळवलं.

चहाबाज:
अभिनंदन! वाचलेल्या २२ हजारांत कट्टा झालाच पाहिजे. मिसळ तरी.

पश्चिमरंग:
वा! पण एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सुरुवातीला तुम्ही लिहिलं होतं की कधी कधी सकाळी गाडी सुरूच होत नाही आणि किल्ली टेकवावी लागते. तुमचा सॉकेट गाडी बंद असताना चालू असतो का? बऱ्याच गाड्यांत नसतो. तसं असेल तर सुरू करताना पॅड बंदच असणार. मग ते खापर पॅडवर फोडता येणार नाही.

दुसरा_गिअर:
बरोबर पकडलंत. सॉकेट बटण दाबेपर्यंत बंद असतो. आणि आजही एकदा असं झालं, पहिल्या किल्लीने. दुसऱ्या किल्लीने मात्र अजून एकदाही नाही. दाराचं काळं बटणही पहिल्या किल्लीने कधी कधी दोनदा दाबावं लागतं.

स्पॅनर१०_१२:
मग दोन आजार आहेत, आणि दुसरा त्या किल्लीतच. टेकवल्यावर चालते म्हणजे चिप ठीक, सेलची वीज पोचत नाही. खड्डेवाला यांनी विचारलेलं आवरण बघा. किल्ली उघडून सेलच्या कडेला आणि मधोमध मऊ कापडावर थोडं अल्कोहोल घेऊन पुसा. सेल कडेने धरा, दोन्ही बाजूंना एकदम बोटं लावू नका. आतल्या दोन पितळी पट्ट्या दबून सपाट झाल्या असतील तर लाकडी टूथपिकने अगदी हलक्या हाताने वर उचला. स्क्रूड्रायव्हर घालू नका, पट्टी मोडली की किल्लीच गेली.

आणि कोणी 'सेल बदलला, आता प्रोग्रॅमिंग लागेल' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. किल्लीची ओळख सेल काढल्याने पुसली जात नाही. प्रोग्रॅमिंग लागतं ते मॉड्यूल बदलल्यावर किंवा नवी किल्ली घेतल्यावर, आणि तेव्हा घरातल्या सगळ्या किल्ल्या न्याव्या लागतात.

बिनगिअरची:
सुरू न होण्यावरून माझा अनुभव. ऑटोमॅटिक आहे. बटण दाबलं की फक्त डॅशबोर्ड उजळायचा, इंजिन नाही. सगळ्यांनी किल्लीवर संशय घेतला. शेवटी आमच्या वॉचमन काकांनी मागून सांगितलं, 'मॅडम, ब्रेक दाबला तरी मागचे दिवे लागत नाहीत.' ब्रेकच्या पेडलचा स्विच गेला होता. ब्रेक दाबल्याचं गाडीला कळतच नव्हतं, मग ती सुरू कशाला होईल? मॅन्युअलमध्ये तेच काम क्लचचा स्विच करतो. अशा वेळी स्टिअरिंगही थोडं डावी-उजवीकडे हलवून बघा, कधी त्याचं कुलूप अडकलेलं असतं.

खड्डेवाला:
+१. किल्लीची हाकाटी करण्याआधी मागचे दिवे बघणं फुकट आहे.

शंभर_नंबरी:
तो गाडीला जोडून कोड वाचणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर घेऊन कोड बघता येईल ना घरीच?

स्पॅनर१०_१२:
इंजिनाचे बघता येतील. किल्ली आणि दारं यांची यंत्रणा बॉडी कंट्रोलच्या, म्हणजे इंजिनापेक्षा वेगळ्या कंट्रोलच्या, बाजूला असते, ते कोड बहुतेक स्वस्त स्कॅनरना दिसत नाहीत. 'कोड नाही' दिसलं म्हणून सगळं ठीक असं समजू नका, आणि कोड नसताना कोणी पार्ट विकायला आला तर त्याला आधी दुसऱ्या किल्लीने गाडी सुरू करून दाखव म्हणावं.

दुसरा_गिअर:
सेल काढून बघितला. उजेडात तिरका धरला तर मधोमध पुसट वर्तुळ दिसतं, बोटाला किंचित चिकट. अल्कोहोलने पुसला, एक पट्टी थोडी दबलेली होती ती टूथपिकने उचलली. तेव्हापासून हीच किल्ली वापरतोय. बटण पहिल्या दाबाला ऐकतंय, दारही. पॅड काढलेला नाही, फक्त किल्ली खिशात ठेवतो. वर्कशॉपमध्येही हे सगळं लिहून दिलं, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला मॉड्यूल सांगण्याआधी ते सॉकेटला काय लावलंय ते बघतील.

मालवणी_खाजा:
धागा आजच वाचला. माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून इथेच विचारतो. मालवणात पावसाळ्यात ड्रायव्हरच्या दाराचं काळं बटण चालत नाही, बाकी दारांचं चालतं. किल्लीवरच्या बटणाने मात्र सगळी दारं उघडतात. दिवा कुठलाच नाही.

स्पॅनर१०_१२:
बाकी दारं उघडतात म्हणजे किल्ली ठीक, मॉड्यूल ठीक. त्या एका हँडलचा स्विच किंवा त्याची वायर. सगळ्यात जास्त वापर त्याच दाराचा आणि खारी हवा, रबर सैल झालं की पाणी आत जातं. हँडल उतरवून कनेक्टर उघडा, हिरवट बुरशी दिसली तर काँटॅक्ट क्लीनरने साफ करून पूर्ण सुकवा. स्विच तरीही दाबला जात नसेल तर तेवढाच वेगळा मिळतो का विचारा. काही गाड्यांत हँडलसकट घ्यावा लागतो. गणपतीच्या आधी करून घ्या, नंतर तुमच्याकडे मेकॅनिक मिळायचा नाही.

मालवणी_खाजा:
धन्यवाद. शनिवारी उतरवतो आणि फोटो टाकतो.